रुंद पंज्याचे जोडे

ज्येष्ठ व. ६, शके १८७०

पहाटेपासून उजव्या अंगठ्यात आग. तापल्या सांडशीत सांधा धरून कुणी पिळतंय असं. धोतराचा काठ लागला तरी जीव जातो. नीलव्वा चुलीकडून चालत आली, तिच्या पावलानं जमीन हालली ती मला अंगठ्यात कळली. तांब्या फेकून मारला. बायकोला लागला नाही, भिंतीला लागला, पोचा पडला. तिनं उचलून जागेवर ठेवला. त्याचा जास्त राग आला.

हकीमसाब आले. त्यांना हाच रोग, फक्त डाव्या पायाला. ते निक्रिस म्हणतात, आपले वैद्य वातरक्त. काठी टेकत, पाय ओढत आले आणि मलाच म्हणाले घाबरू नको. गावात आम्ही दोघंच असे. ते गोश्त खातात, त्यांना झाला तर ठीक. मी लिंगायत, अंडं कधी हातात धरलं नाही, मला का? हसले. म्हणाले, मलप्पा, बापाची जमीन ठेवलीस, आडत ठेवलीस, आता त्याचा अंगठा पण ठेव.

सुरंजानची पुडी दिली. पाय उशीवर उंच. शेक नाही, तेल नाही, चोळायचं तर मुळीच नाही. गार पाण्याची पट्टी. पाणी पीत राहायचं. तूरडाळ बंद, हुलगे बंद. आणि एक युक्ती : भाकरीची दुरडी पायावर पालथी घालायची आणि मग पांघरूण. कापड अंगठ्याला शिवतच नाही. दुरडीखाली पाय ठेवून दुपारी जरा डोळा लागला.

बसवण्णाची खबर नाही. होळीनंतर पोरगा राज उलथवायला सरहद्दीपलीकडच्या कँपात गेला तो गेला. हातात बंदूक आहे म्हणतात.

ज्येष्ठ व. ९

सूज उतरते आहे. अंगठ्याची साल निघते, खाज. ह.सा. रोज येतात. न्हाव्याला नखं कापू देऊ नको म्हणाले, तो कडेनं खोल जातो. स्वतः कापली. सरळ. एवढा विद्वान माणूस माझा पाय मांडीवर घेऊन बसलेला, मला लाज वाटली. त्यांचा पोरगा युसूफ बाजूला खलबत्ता घेऊन होता, तो माझं तोंड बघून हसला.

युसूफ आणि बसवण्णा एका वयाचे. बोरी नदीत बरोबर पोहायला शिकले. लहानपणी युसूफ आमच्या ओसरीवर जेवायचा, त्याच्यासाठी नीलव्वा वेगळी ताटली ठेवायची, आणि बसवण्णा मुद्दाम त्याच ताटलीत हात घालायचा. त्यावरून मी त्याला मारलेलं आहे.

ज्येष्ठ अमावास्या

ह.सा.नी माझे जुने जोडे उकिरड्यावर टाकायला लावले. टोकदार होते, बोटं एकावर एक चढायची. सटवा चांभाराला बोलावलं. पाय संध्याकाळी मापायचा म्हणाले, दिवसाची सूज असते तेव्हा. सकाळच्या मापाचा जोडा संध्याकाळी चावतो.

बराच वाद होऊन ठरलं ते असं. पंजा रुंद. अंगठ्यावर शिवण नको. वरचं कातडं शेळीचं, आत घोड्याच्या खोगिराखालचा नमदा. टाच बुटकी. पट्टा नको, नाडी, म्हणजे सूज चढली की सैल करता येते. ह.सा.चा डावा जोडा मोठा, माझा उजवा. सटवा कुरकुरला, असा जोडा म्हशीच्या पायात शोभंल, लोक मला हसतील. ह.सा. म्हणाले, हसू दे, अंगठा धरून तेच येतील तुझ्याकडं.

जाताना सटव्यानं हळूच विचारलं, बसवण्णाला वहाण बरोबर बसली का. तेव्हा कळलं. कँपातल्या पोरांना जाड तळाच्या वहाणा हाच करून पाठवतो. गप राहा म्हणालो. दिवस कसले आहेत.

आषाढ शु. ५

जोडे आले. दिसायला भयंकर. पाय घातला आणि कितीतरी महिन्यांनी अंगठा आहे हे विसरलो. ह.सा. आणि मी वेशीपर्यंत जाऊन आलो. चिखलात आमच्या पावलांचे ठसे बघून पोरं ओरडली, बदकं गेली, बदकं गेली. ह.सा.नी काठी उगारली, मग स्वतःच हसत सुटले.

वेशीत तुळजापूरकडून आलेला एक देवीचा आराधी भेटला. त्याच्या वाटेवरचं एक गाव राजाच्या बाजूच्या वर्दीवाल्यांच्या टोळीनं जाळलं म्हणाला. विहिरीत माणसं आहेत.

आषाढ शु. १२

आज लिहितो.

परवा दुपारी टोळी आली. काही घोड्यावर, काही लॉरीत. चावडीपुढं सगळ्या बाप्यांना बसवलं. जमादार तरणाच, दाढी कोरलेली, आवाज मऊ. मला नाव विचारलं, पोरगा कुठं विचारलं. माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नव्हतं, कँप सारखा हालतो. त्याची नजर माझ्या जोड्यांवर गेली. हे काय म्हणून विचारलं. आमच्यातलाच एकजण भीतीनं फिसकन हसला. पाय दुखरा आहे हे जमादाराला समजलं.

काढ म्हणाला. माझ्यानं नाडी सुटेना, त्यानं सुरीनं कापली. अंगठा निरखून बघितला आणि बंदुकीचा दस्ता त्यावर टेकवला. मारला नाही. टेकवला आणि वर आपला भार दिला, हळूहळू, जसं कणीक तिंबतात. पोरगा कुठं. भार. पोरगा कुठं. भार.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. नीलव्वा पडवीतून ऐकत होती. ती सांगते, तुम्ही कन्नडात आईला हाका मारत होता.

अंगठ्यावरची गाठ फुटली. आतून चुन्यासारखं पांढरं आलं, मग रक्त.

ह.सा. उठून मधे आले. हा बीमार आहे, बीमारावर हात टाकणं हराम आहे म्हणाले. जमादारानं त्यांच्या तोंडात मारली. टोपी पडली. पडलेली टोपी उचलायला वाकले तर पाठीत लाथ. त्यांच्याच धर्माचा माणूस. सगळं गाव बघत होतं.

मग वहाणांचं निघालं. कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. सटव्याला पुढं ओढला. तो नाकारील असं मला वाटलं, नाकारलं नाही. म्हणाला,

"चांभार हाय जी. वहाण मागितली की देतो. तुमी मागा, तुमाला बी दीन."

कातडी भिजवायच्या कुंडाकडं नेला. बार ऐकू आला. मग अजून एक.

जाताना कोठारातली ज्वारी नेली, आमचे बैल नेले.

आषाढ शु. १३

ह.सा.नी जखम धुतली. कडुनिंबाचा काढा, मग मध, वर सैल फडकं. घट्ट बांधलं तर अंगठा काळा पडेल, काळा पडला तर कापावा लागेल म्हणाले. त्यांचा गाल सुजलेला, एक डोळा मिटलेला. मी त्यांना बघत होतो, ते माझ्या अंगठ्याला.

सटव्याची बायको पोरं घेऊन सोलापूरकडं गेली. अनवाणी.

आषाढ व. ४

गावात कुजबुज. टोळी हकिमानंच बोलावली. नाहीतर त्याचं घर कसं सुटलं. आमच्या ओसरीवर बसून गुरव हे बोलला. मी ओरडलो की त्याला मारली ती थप्पड तुला दिसली नाही का. म्हणाला, दिसली, दिसावी म्हणूनच मारली असंल.

उठता येत असतं तर गळा धरला असता.

आषाढ व. ११

अर्धं गाव रिकामं. रोज कुणी ना कुणी बोचकं बांधून सरहद्दीकडं जातं. मी चालू शकत नाही, बैल नाहीत. नीलव्वाला म्हणालो तू माहेरच्यांबरोबर जा. तिनं पीठ मळता मळता मान हलवली. पुन्हा म्हणालो. तेव्हा म्हणाली, तुमच्या पायाला पट्टी कोण बदलंल, हकीम का जमादार?

जखमेतून अजून पांढरे खडे येतात, वाळूसारखे. ह.सा. म्हणतात येऊ दे, आत राहण्यापेक्षा बरं. उजव्या जोड्याचं अंगठ्यावरचं कातडं त्यांनी कापून खिडकी केली. नवी नाडी नीलव्वानं सुताची वळली. भिंत धरून पडवीपर्यंत जातो.

श्रावण, दुसरा सोमवार

आता ह.सा.ची पाळी. डावा पाय. मी काठीवर गेलो त्यांच्याकडं. हकीम आमच्यासारखाच ओरडतो. युसूफ पट्टी ठेवायला गेला तर त्याला शिव्या, उर्दूतल्या, लांबलचक. मी दुरडी मागवली आणि त्यांच्या पायावर पालथी घातली. दोघंही हसलो. हसल्यानं पाय हालला, पुन्हा ओरडले.

नंतर शांत झाल्यावर म्हणाले,

"ये राज जानेवाला है मलप्पा. अच्छा होएंगा, जाना. मगर उस दिन मेरेकू कौन पूछता?"

मी म्हणालो बसवण्णा येईल ना. तुमच्या अंगणात वाढलाय. त्यावर युसूफनं मान वर केली आणि हो म्हणाला. म्हणाला तो आला की आधी नदीवर जायचंय.

भाद्रपद शु. १०

सकाळी नळदुर्गाच्या बाजूनं तोफा. जमीन हालत होती, जखमेत कळत होती, आणि मला बरं वाटत होतं. विमान गेलं डोक्यावरून. दुपारी खबर आली, हिंदी फौज सोलापूरच्या सडकेनं आत आली. टोळी कालच पळाली होती म्हणे, वर्द्या नाल्यात टाकून.

देवळात घंटा. लोक एकमेकांच्या गळ्यात. मला दोघांनी उचलून चावडीवर नेलं. तिरंगा लावला. जिथं जमादारानं मला बसवलं होतं तिथंच बसलो.

परतताना बघितलं, ह.सा.चं दार बंद. हाक मारली. युसूफनं फळी बाजूला केली, म्हणाला अब्बांना झोप लागली आहे. लागली नसणार.

भाद्रपद शु. ११

बसवण्णा आला. बरोबर कँपातली पोरं. काळा पडलाय, गाल बसलेत. आईच्या पाया पडला, मग माझ्या पडायला वाकला आणि तिथंच थांबला. पट्टी सोडा म्हणाला. मी नको म्हणत होतो. त्यानंच सोडली.

बराच वेळ अंगठ्याकडं बघत बसला. अंगठा म्हणावं असं तिथं फार राहिलं नाही. कुणी केलं विचारलं. जमादाराचं सांगितलं. तो कुठाय. पळाला. बरोबर कोण होतं. बाहेरचे होते सगळे, ओळखीचं कुणी नाही म्हणालो. मग सटव्याचं विचारलं, कुठं मारला, कसा. त्याच्याच हातच्या वहाणा पायात होत्या.

"हकिमाचं घर कसं सुटलं?"

मी थप्पड सांगितली, लाथ सांगितली. हा पाय त्यांच्यामुळं राहिला तेही सांगितलं.

"त्यांना थप्पड मारली आप्पा. सटव्याला गोळी मारली."

पुढं बोललोच नाही असं नाही. बोलत राहिलो. पण तो ऐकत नव्हता, माझ्या पायाकडंच बघत होता. हा पाय मी त्याला दाखवायला नको होता. जेवण न करता उठला.

भाद्रपद शु. १२

सकाळी पाऊस येऊन गेला. दुपारी धूर.

कुठल्या गल्लीतून ते न बघताच कळलं. जोडा चढेना, पाय सुजलेला. डावा घातला, उजवा तसाच, काठी घेऊन निघालो. नीलव्वानं दार आडवं धरलं, तिला ढकललं. कोपऱ्यापर्यंत गेलो. ह.सा.चं घर पेटलेलं. वासे पडत होते. कापूर, हिरडा, गुलकंद, शिलाजित, सगळी दवा एकदम जळत होती, तो वास. लोक उभे होते. कुणी ओरडत नव्हतं, ते सगळ्यात वाईट. एका म्हाताऱ्यानं मला खांद्याला धरून फिरवलं. परत जा म्हणाला. ह.सा.? ते सापडले नाहीत. युसूफ? त्यानं मला घराकडं ढकललं.

घरी आलो तर नीलव्वा परसात. बोटानं दाखवलं. कडब्याच्या गंजीमागं ह.सा. बसलेले. सकाळपासून ओढ्याकडं मुळ्या खणायला गेले होते, धूर बघून पलीकडच्या कुंपणातून आमच्याकडं आले. तोंड राखेसारखं. पायात जोडे. कुंपणापासून गंजीपर्यंत चिखलात ते रुंद ठसे, एकामागून एक, सरळ.

पुसायला वेळच मिळाला नाही. पोरं आली. पाच सहा असतील, हातात कुऱ्हाडी, एकाच्या हातात अजून पेटता टेंभा. मागं बसवण्णा. मी ओळखली सगळी, यातल्या दोघांची बारशी मी जेवलोय. पुढच्यानं ठसे बघितले. हकिमाचा जोडा, म्हणाला.

मी म्हणालो माझे आहेत. सकाळी कुंपण बघायला गेलो होतो. आणि ते खोटं वाटू नये म्हणून काठी टाकून पुढं झालो, जखमेचा पाय उचलला आणि मोठ्या ठशात ठेवला. कळ मस्तकात गेली. डोळ्यांपुढं अंधार. ठसा मापाला बरोबर होता. पण डाव्या पायाचा होता, आणि मी उजवा ठेवला होता. हे ठेवल्यावर कळलं.

पोरांना कळलं नाही. बसवण्णाला कळलं. दुखरा पाय बापाचा कुठला, हकिमाचा कुठला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. तो ठशाकडं बघत होता, मग माझ्याकडं. नीलव्वा गंजीला पाठ लावून उभी होती, तिच्याकडं बघितलं. हातावर, मनगटापर्यंत त्याला काजळी होती.

"आप्पाचेच हायत," म्हणाला. "चला."

गेले. जाताना तो ठशांवरून चालत गेला. सगळ्यांवरून.

भाद्रपद शु. १३

मठाच्या स्वामींकडं बैलगाडी आहे. त्यांना निरोप धाडला. काही विचारलं नाही त्यांनी, गाडी घेऊन आले. अक्कलकोटात ह.सा.ची बहीण आहे, तिथवर पोचवतो म्हणाले. फौजेच्या सडकेनं जायचं, आडवाटेनं नाही.

गाडीत कडबा भरेपर्यंत ह.सा. मला बसा म्हणाले. कशाला ते कळलं नाही. त्यांनी पट्टी सोडली. कालच्या चिखलानं जखम भरलेली. पाणी मागितलं, धुतली, बोटांच्या सांदीतून सगळा चिखल काढला, पुसून कोरडी केली. सांगत होते, ओली ठेवू नकोस, माशी बसू देऊ नकोस, खिडकी अजून मोठी कर, थंडीत नमदा बदल. आवाज अगदी नेहमीचा. फडकं गुंडाळता गुंडाळता, वर न बघता :

"यूसुफ कहाँ है, मलप्पा?"

त्यांनी गाठ मारली. सैल की घट्ट ते बोट घालून तपासलं. पुन्हा विचारलं नाही.

मग गाडीत चढले. चढताना त्यांना आधार द्यायला गेलो, त्यांनी हात बाजूला केला.

भाद्रपद व. ५

बसवण्णा जेवत नाही. गोठ्यात झोपतो. नीलव्वा भाकरी ठेवून येते, कुत्रं खातं. कँपातली पोरं बोलवायला येतात, जात नाही. गावानं त्याला हार घालायचा ठरवला, तो दिवसभर शेतात लपला.

माझी जखम भरते आहे. वरची कातडी गुलाबी, पातळ. बोट लावायची हिंमत होत नाही.

स्वामी परत आले. ह.सा.ना बहिणीच्या दारात उतरवलं म्हणाले.

भाद्रपद व. ९

आज शेतात, बांधावर. मी त्याला विचारलं. युसूफला कुणी मारलं.

ढेकळं फोडत राहिला. मग म्हणाला म्या पेटवलं न्हाय, पेटवणारे दुसरे.

मग तू काय केलंस.

"कडी धरून उभा व्हतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"भायेरून. आतून त्यो माझं नाव घेत व्हता, आप्पा. त्याला वाटलं म्या सोडवायला आलोय."

माझ्या हातात जोडा होता. माती काढायला पायातून काढलेला. तो त्याच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. मारत राहिलो. ओठ फुटला, नाकातून रक्त आलं. त्यानं तोंड वळवलं नाही, हात वर केला नाही. शेवटी मीच खाली बसलो, दम लागून.

मग विचारलं, हकिमाला का वाचवलंस. त्यानं बाहीनं नाकातलं रक्त पुसलं. मला वाटलं काहीतरी सांगेल, ज्याला मी धरून राहीन.

"थकलो व्हतो," म्हणाला.

नीलव्वाला सांगितलं नाही. तिनं त्याचं तोंड बघितलं, माझ्या जोड्यावरचं रक्त बघितलं, आणि जोडा धुवायला घेतला.

आश्विन शु. २

फौजेचा एक अफसर गावोगाव फिरतो आहे. काय काय झालं ते विचारतो, आधीचं आणि नंतरचं पण. गावाची बैठक झाली. ठरलं ते : बाहेरची माणसं आली, तोंडं बांधलेली होती, ओळखली नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली. गुरवानं माझ्याकडं बोट केलं. तुमचा शब्द धरतील, तुमी हकिमाचे दोस्त, तुमचाच पाय फोडलेला.

मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. काठी उचलून आलो.

काल डाळ खाल्ली. नीलव्वानं नको म्हटलं होतं. मुद्दाम खाल्ली.

आश्विन शु. ५

अंगठा पुन्हा पेटला. जुन्या जागेवरच, नव्या कातडीखाली. दुरडी नको म्हणालो. पांघरूण तसंच पायावर ओढून घेतलं.

कोतवाल येऊन सांगून गेला. अफसर उद्या चावडीवर. बरोबर हकीमसाब आहेत, अक्कलकोटाहून अफसराच्याच जीपनं आले. कुणाचं नाव घेतलेलं नाही त्यांनी. एवढंच म्हणतात, माझ्या पोराचं काय झालं ते मलप्पाला विचारा, तो सांगेल.

आश्विन शु. ६

सकाळ. नीलव्वानं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. काय बोलणार ते विचारलं नाही. तिला कळलेलं आहे, कधी कळलं माहीत नाही. आज तिनं पोराकडं एकदाही बघितलं नाही, आणि त्याच्या ताटात भाकरी मात्र वाढली.

डावा जोडा घातला. उजवा चढेना. दोनदा प्रयत्न केला, घाम फुटला. बसवण्णा दारात उभा होता. आत आला, खाली बसला. नाडी पार शेवटपर्यंत काढली. जोड्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं, माझी टाच तळहातावर घेतली आणि पाय आत सोडला. इतका हळू की अंगठ्याला कळलं नाही. मग नाडी ओवली, सैल. एका बोटाची जागा ठेवून.

उठला नाही. तसाच, टाच धरून.

"आप्पा, काय सांगताव?"

ओठाची खपली अजून गेलेली नाही. माझ्याच हातची.

मी म्हणालो, मठाची गाडी आलीय, जुंप.

जुंपली आहे. तोच हाकणार म्हणतो. बाहेर बैलांच्या तोंडाशी उभा आहे, इकडं बघत नाही. नीलव्वा म्हणते उशीर होतो.